दार एकीकडे, उंबरठा पाण्यात : कादंबरीच्या कामाच्या नोंदी

२१ जानेवारी २०२४, रविवार

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी जरा ओसरली, पोरांना एकदा पाळण्यात बसवून आणलं, आता कामाला बसायचं. काम म्हणजे ही कादंबरी, बारा ते पंधरा वर्षांच्या पोरांसाठी, पोर्टल फँटसी, म्हणजे साध्या भाषेत दारातनं पलीकडच्या जगात जायची गोष्ट. दिवसभर डीटीपीचं काम, रात्री साडेदहानंतर लिहायचं, आणि जे होईल ते रविवारी वाचनालयात गोष्टीच्या तासाला येणाऱ्या दहाबारा पोरांना वाचून दाखवायचं असं ठरलंय. नोंदी ठेवतेय कारण मागच्या वेळी अर्ध्यात सोडलेल्या गोष्टीत नेमकं कुठे अडलं होतं तेच आता आठवत नाही.

पक्कं एवढंच आहे: मुलगी तेरा वर्षांची, नाव सई, सोलापुरातली. दार कुठे आहे ते ठरलेलं नाही. पलीकडे काय आहे तेही नाही. तिकडे गेल्यावर तिला आपल्या घरी आल्यासारखं वाटतं, आधी कधीच न बघितलेल्या जागी, एवढं एक मला नक्की माहितीय आणि तेच लिहायचंय.

४ फेब्रुवारी

दोन आठवडे नुसतं वाचन. सी. एस. लुईस यांची नार्नियाची सातही पुस्तकं परत वाचली, १९५० ते १९५६ या काळात आलेली. लहानपणी कपाटातनं बर्फात जाणं एवढंच डोक्यात राहिलं होतं, आता चाळिशीत परतीचाच भाग टोचला. ती चार भावंडं तिकडे राजे आणि राण्या होऊन मोठी होतात, कितीतरी वर्षं राज्य करतात, आणि एक दिवस कपाटातनं बाहेर पडतात तर परत शाळकरी पोरं, इकडे घड्याळ पुढे सरकलेलंच नाही. अख्खं एक आयुष्य पोटात घेऊन उद्या शाळेत जायचं. वर्षभराने परत तिकडे जातात तेव्हा तिथे शेकडो वर्षं उलटलेली असतात, एका पडक्या वाड्यात थांबतात, बुद्धिबळातला सोन्याचा घोडा सापडतो आणि मग उमगतं की हे पडकं म्हणजे आपलाच राजवाडा. त्याच पुस्तकाच्या शेवटी थोरल्या दोघांना सांगितलं जातं की तुमचं वय झालं, आता इकडे यायचं नाही.

लुईस नऊ वर्षांचे असताना १९०८ मध्ये त्यांची आई गेली. हे कळल्यापासून ती पुस्तकं मला वेगळी वाटायला लागलीत, त्यात सारखं कोणीतरी घरातनं बाहेर काढलं जातंय आणि दाराकडे बघतंय असं वाटतं.

ओझबद्दल, म्हणजे वादळ डोरोथी नावाच्या पोरीला ज्या जादूच्या देशात नेतं त्या गोष्टीबद्दल, एक मला माहीतच नव्हतं. १९३९ च्या सिनेमात सगळं स्वप्न ठरतं आणि पोरगी कॅन्ससला, आपल्या घरी. पण मूळ पुस्तकांत, पहिलं १९०० चं, ओझ खरं आहे, आणि १९१० च्या सहाव्या पुस्तकात डोरोथीच्या काकांचं घर कर्जात जायला लागतं तेव्हा ती काका-काकूंना घेऊन कायमची ओझलाच राहायला जाते. म्हणजे घरी परत यायचं ही शिकवण सिनेमाने जगभर नेली, लिहिणाऱ्याने मात्र घर गेलेल्या माणसांना दुसरं घर दिलं. मला हे फार आवडलं. फार म्हणजे खूपच.

११ फेब्रुवारी

आईकडे गेले होते. माझं सासर आणि माहेर एकाच गावात, जुळे सोलापूर ते भवानी पेठ, रिक्षाने अर्धा तास, तरी आईकडच्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसलं की अंगातलं काहीतरी सैल होतं ते सासरी पंधरा वर्षांत झालेलं नाही, आणि सासरचे लोक काही वाईट नाहीत.

आई पेपर उघडते तो मधल्या पानावरचा उजनीचा आकडा बघायलाच. गेल्या पावसाळ्यात धरण भरलंच नाही, जानेवारीतच मायनसमध्ये गेलं. बाहेरच्यांना कळत नाही की पाणी मायनसमध्ये कसं जातं, पण आमच्या जिल्ह्यात पानपट्टीवालापण समजावून सांगेल: उजनीत एकूण साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं जवळजवळ ६३ टीएमसी मृतसाठा, टक्के मोजतात ते वरच्या चोपन्नेक टीएमसीचे, तो वरचा साठा संपला की उणे सुरू.

आई म्हणाली, "अजून खाली गेलंय. यंदा दिसंल बघ."

काय दिसेल ते मला विचारावं लागलं नाही. तिचं गाव करमाळा तालुक्यातलं, भीमेच्या काठचं, धरणात गेलेलं. १९८० ला धरण पुरं झालं पण गाव त्याच्या आधीच उठलं, आई तेव्हा तेरा वर्षांची. नवं गावठाण वर माळावर दिलं, तिथनंच तिचं लग्न झालं, म्हणजे हिशोबाने तिचं माहेर ते नवं गाव. पण ती नव्या गावाला 'मामाकडं' म्हणते. माहेर म्हणाली की ते पाण्यातलं.

रात्री वहीत एवढंच लिहिलं: तेरा वर्षं. सई पण तेरा वर्षांची, आणि हे मी ठरवून केलेलं नव्हतं.

३ मार्च

पलीकडचं जग ठरलं. दार अजून नाही.

आधी वाटलं वेस घ्यावी. बाळीवेस, विजापूर वेस, तुळजापूर वेस, आपल्या शहरात दारांची नावं जिथे तिथे आहेत, रिक्षावाल्याला बाळीवेस म्हटलं की तो बरोबर चौकात आणून सोडतो, दार कुठंय असं कोणी विचारत नाही. दोन प्रकरणं लिहिली पण वाचून दाखवली तेव्हा पोरांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. चौकातलं दार सगळ्यांचं असतं, सईचं एकटीचं नाही.

दुसरी चूक तिसऱ्या प्रकरणात. सई पलीकडे पोचते आणि एक म्हातारा तिला सगळं समजावून सांगतो, इथला नियम असा, तिथला शत्रू तसा. समीक्षक फॅरा मेंडलसन यांनी २००८ च्या पुस्तकात फँटसीचे चार प्रकार पाडलेत, त्यात पोर्टलच्या गोष्टींबद्दल हेच आहे की जाणारा माणूस तिथे नवखा असतो, त्यामुळे ते जग त्याला कोणीतरी सांगतं, आणि सांगितलेलं तो निमूटपणे खरं मानतो, वाचणारापण मानतो. पाहुण्याला असंच सांगतात. सई पाहुणी नाहीये. म्हातारा काढून टाकला, बावीसशे शब्द गेले.

३१ मार्च

आज माहेर या शब्दावर अडकून बसले.

इंग्रजीतल्या या गोष्टींत सारखा एकच प्रश्न असतो, घर कुठलं, इकडचं की तिकडचं, आणि शेवटी एक निवडायचं. आपल्याकडे बायकांनी जात्यावर बसून पिढ्यानपिढ्या ज्या ओव्या गायल्या त्यात हा प्रश्नच नाही. माहेर म्हणजे जिथलं आपण सगळ्यात जास्त आहोत आणि जिथे आपल्याला राहायचं नसतं. चार दिवस जायचं, पंचमीला, दिवाळीला, भाऊ न्यायला येतो, वाट ओळखीची, आणि परत निघताना वेशीपर्यंत सगळे येतात. जाण्याचं दार उघडं असतं पण ठरल्या वेळीच, आणि ते उघडणं आपल्या हातात नसतं, न्यायला कोणीतरी यावं लागतं. पोर्टलच्या गोष्टीतले सगळे नियम इथे आहेत. ओव्या गाणाऱ्या बायांना हे कोणी शिकवायची गरज नव्हती.

वेळेचा खेळही आपल्याकडे जुनाच. भागवतात ककुद्मी राजाची कथा आहे, मुलगी रेवती, तिच्यासाठी नवरा कोण बघावा हे विचारायला तिला घेऊन तो ब्रह्मलोकी जातो, तिथे गंधर्वांचं गाणं चाललेलं, जरा थांबतो, गाणं संपल्यावर विचारतो तर ब्रह्मदेव हसून सांगतात की तू मनात धरलेली सगळी माणसं गेली, त्यांची नातवंडं-पतवंडंही गेली, सत्तावीस चतुर्युगं उलटली. बापलेक खाली येतात तेव्हा आपलं म्हणावं असं कोणीच उरलेलं नाही. रेवतीचं लग्न बलरामाशी होतं, राजा तप करायला बदरिकाश्रमात जातो. लहानपणी ऐकताना मी रेवतीचाच विचार करायची. सासरी गेलेल्या त्या बाईला माहेर नव्हतंच, गाव नाही, मैत्रिणी नाहीत, तिच्या भाषेतले शब्द तरी कोणाला कळत असतील का.

रेवतीवर एक अख्खं प्रकरण लिहावं वाटतंय. या कादंबरीत नको, बाजूला ठेवते.

२१ एप्रिल

वाचनालयात आज अर्धीच पोरं, पाणी आलं होतं. आमच्या भागात पाच दिवसांनी आलं, पहाटे तीनला उठून टाकी, ड्रम, घागरी, पिंप, मग बादल्या, मग पातेली. उजनीचंच पाणी, काही पाइपलाइननं येतं, काही नदीत सोडून औजच्या बंधाऱ्यात अडवून. धरण खाली गेलं की हे दिवस लांबतात.

आणि आज मला या कादंबरीतली खरी अडचण कळली, ती पण आईच्या तोंडून. ती ड्रमवर झाकण ठेवत होती आणि हळूच म्हणाली, "मला आकडा खाली गेल्याला बरं वाटतं गं. मग लाज वाटती. लोकांची जनावरं तहानलेली अन् मी म्हणायले दिसू दे की गाव."

मी काहीच बोलले नाही, तिच्या हातातली घागर घेतली फक्त.

वाचलेल्या कुठल्याही गोष्टीत दार उघडल्याची किंमत बाकीच्यांनी मोजलेली नाही. कपाट उघडतं, वादळ येतं, ॲलिसचा ससा पळतो, आणि मूल निघून जातं, त्याने शेजारच्या घरातला हंडा रिकामा होत नाही. इथे होतो. सईचं दार दुष्काळातच उघडणार, पाणी चढलं की बंद, म्हणजे ते उघडावं असं वाटणं म्हणजे पाऊस पडू नये असं वाटणं. तेरा वर्षांच्या पोरीला हे कळल्यावर ती काय करेल? तिला यासाठी शिक्षा झाली असं मी लिहिणार नाही, एवढं आजच ठरवून टाकते. आईने काही गुन्हा केलेला नाही.

तास संपल्यावर सातवीतला एक मुलगा थांबला, पूर्व भागात राहतो, घरी तेलुगू बोलतात, पणजोबा मागावर काम करायला तेलंगणातनं आलेले. विचारत होता, "ताई, आम्ही पण दारातनं इकडं आल्यासारखं झालं की, मग आमचं तिकडचं जग म्हणजे सोलापूरच का?" मी म्हटलं तूच सांग. तो म्हणाला आजीला विचारून सांगतो.

१२ मे

काल गावाला जाऊन आलो. आई, मी, दादा, दादाची गाडी. पहाटे पाचला निघालो, टेंभुर्णीवरनं आत वळलो, आधी नव्या गावात मामाकडे चहा आणि मग मामाला घेऊन खाली. खूप लिहायचंय, क्रम चुकेल.

पाणी उणे पन्नासच्याही खाली गेलंय. उतरताना आधी गाळपेर लागली, पाणी हटलं तशी लोकांनी मोकळ्या गाळात पेरलेलं, पिकं निघून गेलेली, नुसती धसकटं. मग भेगाळलेला गाळ, एका भेगेत माझी अख्खी चप्पल गेली असती. शिंपले कडाकडा मोडत होते पायाखाली. लांब खाली पाण्याची पट्टी आणि तिच्यापर्यंत शेतकऱ्यांनी पुढे पुढे सरकवत नेलेल्या मोटारी, काळे पाइप सापासारखे पसरलेले.

घरं म्हणजे जोती फक्त. दगडांवर वाळलेलं शेवाळ, पांढरट, हात लावला की पापुद्रा निघतो. मला सगळं सारखंच दिसत होतं पण आई कोणाला न विचारता चालायला लागली, मामा मागे राहिला, गुडघे दुखतात म्हणून जी बाई आमच्याकडे दोन जिने चढत नाही ती. एका जोत्यापाशी थांबली. पुढे एक लांब दगड, मधोमध झिजून खोलगट झालेला, त्याच्या एका टोकाला वाटीएवढा गोल खळगा.

"उंबरा," ती म्हणाली.

तो खळगा म्हणजे दार ज्यात फिरायचं तो. मी वाकून बोट घातलं, आतला दगड अजून गुळगुळीत, तळाशी वाळलेला गाळ आणि एक बारकी शिंपली. चाळीसेक वर्षं पाण्यात राहूनसुद्धा गुळगुळीत.

आईने चप्पल काढली. ऊन असलं की दगडावर भाकरी भाजावी, तरी काढली. आणि उंबऱ्यावर पाय न देता, उजवा पाय उचलून पलीकडे टाकला, मग डावा. भिंत नाही, छप्पर नाही, बाजूने कुठनंही आत जाता येत होतं, दादा तसाच बाजूने गेला होता आणि आत उभा राहून फोटो काढत होता. आई त्याला ओरडली, "दारातनं ये की रे." तो बाहेर गेला, चप्पल काढली, दारातनं आला.

आत ती कोपऱ्यात उभी राहिली जिथे चूल होती म्हणे. रडली नाही. म्हणाली, "लहान वाटायलंय."

परत वर आल्यावर मामाकडे जेवण, शेंगाची चटणी, कडक भाकरी, दही. आणि निघताना मामा दारापाशी आला आणि सहज बोलून गेला की हे दार तिथलंच. गाव उठताना लोकांनी तुळया, कौलं, चौकटी, सगळं काढून बैलगाड्यांत भरून आणलेलं, आजोबांनी हे दार आणलं आणि नव्या घराला बसवलं. मी त्या दाराला दर सुट्टीत लोंबकळलेय. खालच्या टोकाला लाकडाची जाड खुंटी, ती खालच्या उंबऱ्याच्या खळग्यातनं उखडून निघालेली, आता नुसती हवेत, कारण नव्या घराला बिजागऱ्या.

दार माळावर मामाकडे, उंबरठा पाण्यात. सईचं दार सापडलं.

२ जून

वीस दिवसांत पाच प्रकरणं. इतक्या वेगाने मी कधीच लिहिलेलं नाही.

रचना अशी: सई सुट्टीत मामाकडे जाते. पाणी खूप खाली गेलेलं असलं की त्या दाराची खुंटी आपोआप गरम होते, आणि दार उघडून पाय टाकला की पाय माळावर पडत नाही, खालच्या उंबऱ्यापलीकडे पडतो, आणि तिथे गाव आहे, भरलेलं, धूर निघणारं. तिला तिथे कोणी काही समजावत नाही, तिच्या हातात घागर देतात आणि पाणी आणायला पाठवतात. एवढंच. घरच्या पोरीला असंच वागवतात. हा परिच्छेद लिहून झाल्यावर मी बराच वेळ नुसती बसून होते.

पीटर पॅनमधली एक जागा या दिवसांत सारखी आठवते. १९११ च्या कादंबरीत पीटर सांगतो की तो एकदा उडत घरी परत गेला होता, खिडकी बंद होती, गज लावलेले, आणि त्याच्या पलंगावर दुसरं बाळ झोपलेलं. पोरांच्या पुस्तकात इतकं निर्दय वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही. पण आईच्या बाबतीत उलटं झालंय, तिच्या जागी कोणीच आलं नाही. तिथे मासे होते. दुसरं कोणी राहत असतं तर निदान भांडता आलं असतं.

१७ जुलै, आषाढी

घरातनं बाहेर पडता येईना, टीव्हीवर पंढरपूर लावून लिहीत बसले. आमच्या जिल्ह्यातलं गाव, भीमाच ती, तिथे चंद्रभागा म्हणायची, उजनीतनं सोडलेलं पाणीच घाटाला लागतं. एकनाथ महाराजांनी पंढरीला माहेर म्हटलं, आणि ते म्हणताना भिवरेच्या तीरावर असा पत्तासुद्धा दिला. पुरुषांनी माहेर म्हणावं अशी ती एकच जागा असेल.

आणि त्याच दारात चोखोबा. नामदेवांनी पायरी मागून घेतली, चोखोबांना मात्र आत सोडलंच नाही, त्यांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर. साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसले तेव्हा कुठे ते दार सगळ्यांना उघडलं. आपलं घर समोर दिसतंय, आतल्याला आपण माहीत आहोत, आणि उंबऱ्यावर माणसं उभी करून ठेवलीत. सहाशे वर्षं. पोर्टलच्या गोष्टीत दार बंद का होतं तर जादू संपते म्हणून, वय वाढतं म्हणून. इथे ते माणसांनी धरून ठेवलं होतं.

नवव्या प्रकरणात बदल केला. सईच्या गावात भरलेल्या घरांच्या पलीकडे एक वस्ती आहे जिथे तिला जाऊ देत नाहीत. आईला विचारलं होतं, ती थोडं थांबून म्हणाली, "हो, होती. नदीच्या अंगाला. विहीर वेगळी." माहेर आठवताना तिने हे आधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. ते गावात होतं तर कादंबरीतही असणार, सई तिथे जाणार, आणि तिकडची एक मुलगी तिला विचारणार की तुझ्या माहेरात मी कुठं आहे. उत्तर सईला सुचत नाही. मलाही सुचलं नाही, तसंच ठेवलंय.

६ ऑगस्ट

उजनी भरली. भीमेत पाणी सोडलंय, पंढरपूरकडे काळजी, आणि आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडावर सुटल्यासारखं. आईने आकडा वाचला, "झालं बाई," म्हणाली, आणि पेपर घडी करून ठेवला.

शेवटचं प्रकरण शनिवारी संपलं. सई बाहेर येते, पाऊस लागलेला, खुंटी गार. ती गच्चीवर जाऊन घागर पावसाखाली धरते. बस्स. ती परत जाईल की नाही हे लिहिलेलं नाही, कारण ते पावसावर आहे.

रविवारी पोरांना पूर्ण वाचून दाखवलं. पूर्व भागातला तो मुलगा आजीचं उत्तर घेऊन आला होता. आजी म्हणाली होती की तिकडचं गाव तिने बघितलेलंच नाही, पण चुलीवरचं सांडलं की तोंडातनं तेलुगूच निघतं.

आता उरलंय ते नकाशाचं काम. पुस्तकाच्या पहिल्या पानावर गावाचा नकाशा हवा. आज दुपारी आईला कागद दिला, तिने बॉलपेनने काढायला घेतला, नदी, घाट, मारुती, चावडी, मग एकेक घर आणि घराघरात नाव. वस्तीतलीही सगळी घरं काढली, विहिरीसकट. एकदाही खोडलं नाही. चिंचेच्या मागच्या घरापाशी पेन थांबलं. "इथं कोण होतं गं?" मला कसं माहीत असणार. तिने मावशीला फोन लावला, मावशी म्हणते तिथे घरच नव्हतं, गोठा होता, आई म्हणते गोठा नाही, तिथली एक मुलगी माझ्याबरोबर शाळेत यायची, तिच्या कानातले डूल आठवतात मला, नाव आठवत नाही. पंचवीस मिनिटं झाली, अजून चाललंय. मी त्या जागी चौकोन काढून आत काही लिहिलेलं नाही.